एका क्रियापदाची कुळकथा

गेल्या पावसाळ्यात मी संध्याकाळच्या स्पॅनिशच्या वर्गात नाव घातले. “त्याचा उपयोग काय?” असे घरी विचारण्यात आले; त्या प्रश्नाचे उत्तर मी अजून शोधतो आहे. पण उपयोग नसलेल्या विद्येतही मौज असते, आणि त्या मौजेचीच ही हकीकत आहे.

बाईंनी एके दिवशी दहा क्रियापदे फळ्यावर लिहिली आणि त्यांतली पाच घेऊन घरच्या माणसांविषयी वाक्ये करून आणायला सांगितले. यादीत ‘आकारिथियार’ नावाचे एक लांबलचक क्रियापद होते. अर्थ दिला होता, कुरवाळणे. आमच्या घरी कुरवाळण्याचे खाते आजीकडे आहे. म्हणून मी लिहिले, ‘आकारिथ्यो मी आबुएला’. (स्पॅनिशमध्ये ‘मी’ म्हणजे ‘माझा, माझी’. हा ‘मी’ मराठी विद्यार्थ्याला पहिले दोन महिने छळतो.) बाईंनी वही तपासली आणि ‘मी’च्या आधी लाल शाईने एक ठसठशीत ‘आ’ घातला. म्हणाल्या, “अहो, आजी म्हणजे टेबल नव्हे!” मग त्यांनी वाक्याचे मराठी करायला सांगितले. मी उभा राहून म्हणालो, “मी माझ्या आजीला कुरवाळतो.” सगळा वर्ग खदखदून हसला. बाईही हसल्या.

व्याकरण बरोबर, शब्दार्थ बरोबर, मग हसू कशाचे? घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून जाईना. त्या नादात मी या क्रियापदाच्या मागे लागलो, आणि जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे हे क्रियापद एकट्या स्पॅनिशचे नाही. इबेरियाच्या द्वीपकल्पातल्या तीन शेजारणी, म्हणजे स्पॅनिश, पोर्तुगीज आणि कॅटलान, ते अक्षर न अक्षर सारखे लिहितात. कॅटलान आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते, म्हणून सांगतो : बार्सिलोना आणि तिच्या भोवतालचा प्रदेश, वालेन्सिया, बालेआरिक बेटे, फ्रान्सचा एक कोपरा, सार्डिनिया बेटावरचे एक शहर आणि अंडोरा नावाचा चिमुकला डोंगरी देश, इतक्या ठिकाणी ती बोलली जाते. अंडोराची तर ती एकमेव राजभाषा आहे. ती स्पॅनिशची बोली नाही. दोघी लॅटिनच्या लेकी, आपापल्या घरच्या.

लिहायला एक, पण म्हणायला मात्र तीन तऱ्हा. माद्रिदचा माणूस ‘आकारिथियार’ म्हणतो, जिभेचे टोक दातांत धरून. तोच शब्द मेक्सिकोत किंवा अर्जेंटिनात ‘आकारिसियार’ होतो. लिस्बनचा माणूस आघात नसलेले स्वर गिळत ‘अकरिसियार’ म्हणतो. बार्सिलोनात शेवटचा ‘र’ लिहितात पण उच्चारीत नाहीत, म्हणून तिथे उरते ‘अकरिसिआ’. यापुढे सोयीसाठी मी स्पॅनिश उच्चारच वापरतो.

एक बारीक गंमत आणखी आहे. ‘मी कुरवाळतो’ हे रूप तिन्ही भाषांत सारखेच लिहितात, पण स्पॅनिशमध्ये आघात ‘रि’वर पडतो आणि इतर दोघींत तो पुढे सरकून ‘सि’वर जातो. ‘कारिथिया’ म्हणजे कुरवाळणे हे नाम. त्यात आघात तिघीही ‘रि’वरच देतात. म्हणजे स्पॅनिशमध्ये नाम आणि क्रियापद एकाच ठेक्यावर चालतात, बाकी दोघींत क्रियापद नामाचा ठेका मोडून पुढे जाते. ज्याला ही भाषा बोलायची आहे त्याने हे ध्यानात ठेवावे. इतरांनी विसरले तरी चालेल.

आता कूळ. लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे प्रिय, आणि महागही. जे प्रिय ते मोलाचे, हा हिशेब रोमनांनी एकाच शब्दात केला होता. त्याच्या वंशजांनी दोन्ही अर्थ सांभाळले : पोर्तुगीज माणूस पत्राच्या आरंभी मित्राला ‘कारु’ म्हणतो आणि बाजारात मासळीचा भाव ऐकूनही ‘कारु’च म्हणतो. याच शब्दापासून लॅटिनमध्ये ‘कारितास’ निघाला, तोच ख्रिस्ती धर्मातला प्रेम आणि दानधर्म. इटालियनमध्ये ‘कारो’ म्हणजे प्रिय, त्यापासून ‘कारेत्सा’ म्हणजे प्रेमळ स्पर्श. ‘कारुस’च्याही मागे भाषाशास्त्रज्ञ ‘इच्छा करणे’ या अर्थाच्या एका प्राचीन धातूपर्यंत जातात आणि संस्कृत ‘काम’ याच धातूचा म्हणून दाखवतात. तेव्हा आपली ‘कामना’ आणि स्पेनमधली ‘कारिथिया’ दूरच्या का होईना, चुलत बहिणी ठरतात. ‘निष्काम’ कर्मयोग्याने मांजर कुरवाळावे की नाही, हा प्रश्न मी तत्त्वज्ञान विभागाकडे सोपवतो.

मला चकित केले ते पुढच्या पायरीने. माझी समजूत अशी की आईने मुलाला कुरवाळणे ही माणसाची आदिम कृती, तेव्हा तिचे नाव भाषेच्या तळघरातले असणार. लॅटिनमधून थेट, पिढ्यान्‌पिढ्या आयांच्या तोंडून आलेले. तसे नाही. स्पॅनिशने ‘कारिथिया’ हा शब्द इटालियनमधून उसना घेतला, आणि तोही बऱ्याच उशिरा, सोळाव्या शतकात. त्याच्या मागे ‘आ’ आणि पुढे ‘आर’ लावून क्रियापद बनवले. पोर्तुगीज आणि कॅटलानमधला शब्दही मुळात इटलीचाच माल. फ्रेंचांनीही आपला शब्द तिथूनच उचलला आणि तो पुढे इंग्रजीत गेला.

असे का व्हावे? तो काळ पाहिला की उलगडा होतो. 1504 पासून पुढे दोनशे वर्षे नेपल्सवर स्पेनच्या राजांची सत्ता होती. सैनिक, वकील, कवी यांची जा-ये चालू होती. इटलीच्या दरबारांतल्या चालीरीती म्हणजे त्या काळची सर्वांत उंची सभ्यता. दरबारी माणसाने कसे बोलावे, कसे वागावे हे सांगणारा कास्तील्योनेचा ग्रंथ बार्सिलोनाच्या बोस्कान या कवीने 1534 मध्ये स्पॅनिशमध्ये आणला. त्याला तो पाठवला होता त्याचा मित्र, कवी गार्सिलासो याने. या वाऱ्याबरोबर ‘सोनेतो’ आला, ‘नोवेला’ आली. सैनिकाचा ‘सोल्दादो’, पहारेकऱ्याचा ‘सेंतिनेला’ आणि बंदुकीची ‘एस्कोपेता’ हे शब्दही इटलीहूनच आले. कवितेचे, बंदुकीचे आणि कुरवाळण्याचे शब्द एकाच बंदरात उतरावेत, याला काय म्हणावे?

म्हणजे त्यापूर्वी स्पेनमधल्या आया मुलांना कुरवाळीत नसत असे नव्हे. लॅटिनचे जुने शब्द होते, गावोगावचे होते. पण त्यांना दरबारी वजन नव्हते. नवा शब्द आला, शिष्ट ठरला आणि हळूहळू घरात शिरला. आज तो परका होता हे कोणाच्या गावीही नाही.

याच वेळी पोर्तुगीज गोव्यात आले होते हे आपल्याला ठाऊक आहे. 1510 ते 1961 अशी साडेचारशे वर्षे ते तिथे होते. त्यांच्या भाषेतून मराठीत पाव आला, बटाटा, अननस आणि कोबी आला. चावी, बादली, घमेले, बिजागरी, लिलाव, तुरुंग, पाद्री असे कितीतरी आले. यादी वाचून पाहा. स्वयंपाकघर, बांधकाम, बाजार, कचेरी. कुरवाळण्याचा शब्द काही आला नाही. वस्तू आली की तिचे नाव तिच्या पाठीवर बसून येते. बटाट्याला दुसरे काय म्हणणार? माया मात्र आपल्याकडे आधीच होती आणि तिला नावेही भरपूर होती. पण हे कारण पुरेसे नाही, कारण माया स्पेनमध्येही आधी होतीच. फरक असा असावा की स्पेनचा माणूस इटलीच्या दरबाराकडे पाहताना भारावून गेला होता. आपल्याकडे परक्या सत्तेकडे कोणी त्या नजरेने पाहिले नाही. हे माझे मत आहे. कोणी खोडून काढल्यास आनंदच होईल.

असो. आता त्या लाल ‘आ’कडे वळू.

स्पॅनिशमध्ये कर्म जर विशिष्ट माणूस असेल तर त्याच्या आधी ‘आ’ हे अव्यय येते. वस्तू असेल तर येत नाही. टेबल पाहतो, पण आजी-‘ला’ पाहतो. जिव्हाळ्याच्या प्राण्यालाही हा मान मिळतो : घरच्या मांजराला ‘आ’ लावतात. युरोपच्या पुष्कळ भाषांना हा प्रकार चमत्कारिक वाटतो आणि तिथले विद्यार्थी त्याच्यावर घाम गाळतात. मराठी माणसाला तो दोन मिनिटांत समजायला हवा, कारण आपण नेमके हेच करतो. आपण टेबल पुसतो, ‘टेबलाला’ पुसत नाही. पण मुलाला पुसतो. ‘आजी पाहिली’ आणि ‘आजीला पाहिले’ यांतला फरक आपल्याला कोणी शिकवलेला नाही. स्पॅनिशचा ‘आ’ नामाच्या आधी उभा राहतो, आपला ‘ला’ मागून येतो, एवढेच. मी तो विसरलो याची लाज वाटायला हवी ती म्हणूनच.

शेजारणींकडे मात्र हे नाही. पोर्तुगीजमध्ये तेच वाक्य लिहिले तर तिथेही आजीच्या आधी एक ‘आ’ दिसतो. फसू नका, ते स्त्रीलिंगी उपपद आहे, टेबलालाही लागते. कॅटलानमध्येही साधे उपपदच. क्रियापद तेच आणि आजी तीच, पण कुरवाळली जाणारी व्यक्ती आहे की वस्तू, हे व्याकरणात नोंदवण्याची गरज तिघींपैकी एकीलाच वाटली.

आणि जे कुरवाळायचे ते हाताला लागणारेच असले पाहिजे असेही नाही. तिन्ही भाषांत कल्पना कुरवाळता येते. एखादी योजना, एखादे स्वप्न मनात जपत, आज ना उद्या ते खरे होईल या आशेने त्याच्याशी खेळत राहणे, हाही ‘आकारिथियार’चाच अर्थ आहे. स्पेनच्या वर्तमानपत्रांत एखादा फुटबॉलचा संघ विजेतेपद ‘कुरवाळतो’. म्हणजे ते हाताच्या अंतरावर आले आहे, बोटे टेकली आहेत, पण मुठीत आलेले नाही.

आपणही न दिसणाऱ्या गोष्टी कुरवाळतो. पण कोणत्या? जुन्या आठवणी, जखम, अहंकार. निवडणुका आल्या की पुढारी मतदारांना गोंजारतात. मराठीत या अर्थाने कुरवाळणे म्हटले की त्यात टीका आलीच : सोडून द्यायचे ते हा माणूस धरून बसला आहे. स्पॅनिश माणूस अजून न आलेले कुरवाळतो, आपण होऊन गेलेले. स्वप्नासाठी आपल्याकडे ‘उराशी बाळगणे’ आहे, आणि त्यात कोणाचा दोष नाही. हा फरक स्वभावाचा आहे असे मी म्हणणार नाही. दोन भाषांनी एकाच हालचालीतून दोन निराळी चित्रे घेतली, इतके मात्र खरे.

आतापर्यंत मी असे लिहिले जणू या एका शब्दावरच त्या तिघींचे भागते. वस्तुतः प्रत्येकीच्या घरात याशिवाय निराळी भांडी आहेत, आणि मला तीच अधिक आवडली.

पोर्तुगालमध्ये मांजराच्या पाठीवरून हात फिरवायचा असेल तर बोलताना सहसा ‘मांजराला सण करतो’ अशा अर्थाचा वाक्प्रयोग करतात. सणाचा जो शब्द तोच, अनेकवचनात. कॅटलानमध्ये ‘मोश’ म्हणजे मांजर, आणि त्यापासून कुरवाळण्याचे एक क्रियापद आहे, ‘अमुशा’. शिवाय छातीशी धरून लाड करण्याचे ‘अकरुना’ आहे, लाडीगोडीचे ‘अमन्यगा’ आहे. 1939 ते 1975 या फ्रँकोच्या राजवटीत कॅटलानला शाळेत आणि कचेरीत स्थान नव्हते. मुले शिकत स्पॅनिशमधून. ज्या भाषेत शिक्षा मिळते ती एक आणि ज्या भाषेत आई जवळ घेते ती दुसरी, अशी एक अख्खी पिढी तिथे वाढली. इटलीहून आलेला शिष्ट शब्द तिन्ही भाषांच्या कोशांत शेजारी शेजारी बसला, पण मांजराचे ते क्रियापद शेजारणीच्या घरी गेले नाही.

आणि ब्राझीलमध्ये ‘काफुने’ आहे. दुसऱ्याच्या केसांतून बोटे हळूहळू फिरवणे, एवढ्यासाठी स्वतंत्र नाम. हा शब्द युरोपचा नव्हे. तो अंगोलातल्या किम्बुन्दु भाषेतून आला असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे आला तो गुलामांच्या जहाजातून. उसाच्या मळ्यांवरच्या मोठ्या घरांत मालकीणबाई दुपारी आडव्या व्हायच्या आणि गुलाम स्त्रीने त्यांच्या केसांत बोटे फिरवायची. रॉजे बास्तीद या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1941 मध्ये ‘काफुने’च्या मनोविश्लेषणावर पुस्तकच लिहिले. ब्राझीलमध्ये गुलामगिरी 1888 मध्ये संपली. शब्द राहिला, आणि आज तिथे तो मुलाच्या, प्रियकराच्या, आजीच्या केसांसाठी निःसंकोच वापरतात. ज्या बोटांनी तो मुळात रूढ केला त्यांच्या केसांतून त्या दुपारी कोणाची बोटे फिरली नसावीत.

‘कारिथिया’चे एक भावंड म्हणून सगळे ज्याच्याकडे बोट दाखवतात तो शब्द म्हणजे ‘कारिन्यो’. माया, जिव्हाळा. प्रेमाच्या माणसाला हाक मारतानाही वापरतात. रूप असे की ‘प्रिय’ या ‘कारुस’पासूनच तो आला असे कोणीही शपथेवर सांगेल. पण जुआन कोरोमिनेस यांनी तसे म्हटले नाही. हे गृहस्थ बार्सिलोनाचे, जन्म 1905 चा. यादवी युद्धानंतर त्यांना देश सोडावा लागला. आधी अर्जेंटिनात, मग शिकागोच्या विद्यापीठात त्यांनी दिवस काढले, आणि तिथे राहून स्पॅनिश भाषेचा चार खंडांचा व्युत्पत्तिकोश सिद्ध केला. तो 1954 ते 1957 या काळात निघाला. आपल्या मायबोलीचा, कॅटलानचा तसाच कोश प्रसिद्ध होऊ लागायला 1980 साल उजाडले. ‘कारिन्यो’ हा ‘कारुस’चा नसून ‘कारेरे’चा असावा, असे त्यांनी मांडले. ‘कारेरे’ म्हणजे नसणे, उणे असणे. त्यापासून बोलीत ‘कारिन्यार’ हे क्रियापद : एखाद्याची उणीव भासणे, आठवण येणे. त्यातून ‘कारिन्यो’. आज हीच व्युत्पत्ती स्पॅनिश अकादमीच्या कोशातही दिलेली आहे. पोर्तुगीजांनी हा शब्द स्पॅनिशमधून घेतला. म्हणजे एकमेकांशेजारी बसणारे हे दोन शब्द, एक जवळ असलेल्याला हात लावण्याचा आणि दुसरा जवळ नसलेल्यासाठी झुरण्याचा, दिसायला जुळे आणि जन्माने परके.

आठवण येण्यासाठी स्पॅनिशमध्ये ‘आन्योरार’ म्हणतात. तो त्यांना कॅटलानने दिला, आणि कॅटलानमध्ये तो लॅटिनच्या ‘ठाऊक नसणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून झाला : आपले माणूस कुठे आहे ते कळत नाही, म्हणून जीव लागणे. घर सोडून हजारो मैलांवर बसलेल्या कोरोमिनेस यांनी ही दोन टिपणे कशी लिहिली असतील, हे मी बरेचदा मनात आणून पाहतो.

आता वर्गातले हसू. ते का आले हे मला उशिरा समजले. ‘आकारिथियार’मध्ये हात नाही. मिठी मारण्याच्या त्यांच्या क्रियापदात बाहू आहे. यात फक्त ‘प्रिय’ आहे. जो प्रिय त्याला स्पर्श करावा. आईने मुलाला, मुलाने आईला, नातवाने आजीला, कोणी कोणालाही. शब्दाला दिशा नाही. आपल्याकडे ती आहे. कुरवाळणे, गोंजारणे, थोपटणे हे सारे वरून खाली वाहते : थोराकडून लहानाकडे, धन्याकडून गाईगुरांकडे. नवराबायकोंना सवलत आहे, तीही बंद दाराआड. खालून वर जाणाऱ्या स्पर्शाला दुसरी नावे आहेत : पाय चेपणे, डोके दाबणे, अंगाला तेल लावणे, पाया पडणे. त्यांत माया नसते असे नाही, पण ती सेवेचा सदरा घालून येते. मी आजीला कुरवाळतो म्हटले तेव्हा मी एका वाक्यात आजीला लहान केले होते, किंवा स्वतःला मोठे. म्हणून वर्ग हसला. कोशात मात्र दोन शब्दांमध्ये नुसते बरोबरीचे चिन्ह होते.

दिवाळीनंतर आजी आजारी पडली. ताप उतरला, पण अशक्तपणा राहिला. रात्री मी तिच्या उशाशी बसत असे. एकदा ती झोपली आहे असे समजून मी तिच्या केसांतून हलकेच बोटे फिरवू लागलो. केस फार विरळ झालेत, कापसासारखे. जरा वेळाने डोळे न उघडता ती म्हणाली,

“काय करतोस रे?”

मी दचकलो. म्हणालो, “काही नाही, डोकं चेपतोय.”

“मग नीट चेप की,” आजी म्हणाली, “नुसती बोटं काय फिरवतोस!”

मी जरा जोर लावला. दोनचार मिनिटे गेली असतील. मग तिने माझा हात धरून कपाळावर ठेवला आणि म्हणाली, “राहू दे. मघाशी करत होतास तसंच कर.”